पैलूदार पेन घडवताना : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

मागील अंकात हाताने घडवलेल्या शाईच्या पेनांविषयी या सदरात थोडक्यात लिहिले होते. त्यावर नागपूर आणि आसपासच्या गावांतून जी पत्रे आली, त्यांतील बहुतेकांचा रोख एकाच प्रकाराकडे आहे : टोपणापासून शेवटच्या टोकापर्यंत सपाट पैलू असलेला पेन. त्यामुळे हा अंक त्या एकाच विषयाला दिला असून सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : माझ्याकडे १६ मिमी व्यासाचा एबोनाइटचा (कडक केलेल्या रबराचा) रॉड आहे. त्यातून षटकोनी पेन करावा असे मनात आहे. परंतु जुन्या नामांकित पैलूदार पेनांना बहुधा बारा पैलू असलेले दिसतात. यामागे केवळ शोभा आहे की काही कारण आहे? (अभियांत्रिकीचा विद्यार्थी, प्रतापनगर)

उत्तर : कारण भूमितीचे आहे आणि ते टोपणाच्या भिंतीत दडलेले आहे. रॉडची वरची साल काढून तो लेथवर (वस्तू फिरवत कापण्याच्या यंत्रावर) खरा गोल केला की हाती साधारण १५.५ मिमी व्यास उरतो. या गोलाला बारा पैलू पाडायचे तर प्रत्येक ठिकाणी फक्त ०.२६ मिमी माल काढावा लागतो आणि पैलूची रुंदी सुमारे ४ मिमी येते. आठ पैलूंना ०.५९ मिमी खोल जावे लागते. सहा पैलूंना मात्र तब्बल १.०४ मिमी.

आता टोपणाचा विचार करा. नळीवर (पेनाच्या मुख्य दांड्यावर) १३ मिमी व्यासाचे आटे असतील, तर टोपणाच्या आतही तेवढी जागा मोकळी हवी. म्हणजे गोल टोपणाची भिंत आट्यांपाशी जेमतेम १.२५ मिमी जाड असते. बारा पैलू पाडल्यावर तिच्यातून जवळजवळ १ मिमी शिल्लक राहते, आठ पैलूंनंतर ०.६६ मिमी आणि सहा पैलूंनंतर फक्त ०.२ मिमी. एवढ्या पातळ भिंतीचे एबोनाइट टोपण पहिल्यांदा जोरात आवळले की पैलूच्या मध्यावर चिरते. षटकोनीच हवा असेल, तर १८ मिमीचा किंवा त्याहून जाड रॉड घ्यावा आणि पेन हातात भरदार लागेल हे आधीच मान्य करावे. किंवा आट्यांचा व्यास कमी करून पकडीचा भाग बारीक ठेवावा.

अमेरिकेतील वाल-एव्हरशार्प कंपनीचा १९३१ सालचा ‘डोरिक’ बारा पैलूंचा होता आणि इटलीतील बोलोन्याच्या ओमास कंपनीनेही बारा पैलूंचाच घाट वर्षानुवर्षे चालवला. जपानच्या नाकाया कंपनीचा ‘डेकापॉड’ दहा पैलूंचा आहे. बाराचा आकडा या कारागिरांना का सोयीचा वाटला असावा, याचे दुसरे कारण आट्यांशी निगडित आहे आणि माझ्या मते तेच अधिक महत्त्वाचे आहे. ते पुढील प्रश्नाच्या उत्तरात येईल.

प्रश्न : मी लाकडाच्या वस्तू लेथवर करतो. एक बारा पैलूंचा पेन करून पाहिला. नळीचे पैलू आणि टोपणाचे पैलू वेगवेगळे छान आले, पण टोपण बंद केल्यावर दोन्हींच्या कडा एका रेषेत येत नाहीत. कधी येतात, कधी अर्ध्या पैलूने सरकतात. हे नेमके कसे जमवायचे? (खामला)

उत्तर : आलेल्या पत्रांमध्ये सर्वांत मोलाचा प्रश्न हा आहे. पैलू पाडणे हे चिकाटीचे काम आहे. पैलू जुळवणे हे आधी ठरवण्याचे काम आहे, आणि ते कानस किंवा कटर हातात घेण्यापूर्वी, आटे पाडतानाच ठरते.

टोपणाचे आटे बहुधा एकाच स्टार्टचे, म्हणजे एकाच तोंडातून सुरू होणारे, नसतात. एकच स्टार्ट असेल आणि पिच, म्हणजे लगतच्या दोन आट्यांमधील अंतर, ०.८ मिमी असेल, तर ५ मिमी लांबीचे आटे उघडायला सहापेक्षा अधिक फेरे फिरवावे लागतील. लिहिण्यासाठी दर वेळी एवढे फिरवणे कोणालाही रुचत नाही. म्हणून तीन स्टार्टचे आटे पाडतात. त्यात एकमेकांशेजारून तीन स्वतंत्र आटे धावतात, पिच ०.८ मिमीच राहते, परंतु एका फेऱ्यात टोपण २.४ मिमी पुढे सरकते आणि दोन फेऱ्यांत उघडते. याचा दुसरा परिणाम असा की टोपण लावताना ते तीनपैकी कोणत्याही तोंडातून आत शिरू शकते आणि त्यानुसार बंद झाल्यावरची त्याची जागा १२० अंशांनी बदलते. बारा पैलूंमध्ये एक पैलू ३० अंशांचा असतो. १२० अंश म्हणजे बरोबर चार पैलू. त्यामुळे एका तोंडातून कडा जुळली की तिन्ही तोंडांतून जुळते. दहा पैलूंच्या पेनाला तीन स्टार्ट दिले तर १२० अंशांत तीन पूर्ण पैलू आणि वर तिसरा हिस्सा पैलू येतो, आणि आठ पैलूंना दिले तर दोन पूर्ण पैलू आणि दोन-तृतीयांश. अशा पेनांत टोपण तीनपैकी एकदाच जुळून बसेल. आपल्या पेनाचे ‘कधी जुळते, कधी नाही’ हे लक्षण पाहता आट्यांच्या स्टार्टची संख्या आणि पैलूंची संख्या यांचा मेळ बसलेला नाही असा माझा तर्क आहे. टोपणाच्या तोंडाकडे भिंगातून पाहून आट्यांची किती तोंडे आहेत ती मोजा. चार निघाली तरी बाराला चालतील, कारण ९० अंश म्हणजे तीन पैलू. पाच निघाली तर मात्र चालणार नाहीत. नियम सोपा आहे : पैलूंच्या संख्येला स्टार्टच्या संख्येने निःशेष भाग गेला पाहिजे. बाराला दोन, तीन, चार आणि सहा या चारही संख्यांनी भाग जातो आणि बाराचा आकडा सोयीचा ठरण्याचे दुसरे कारण मला हेच दिसते.

मोजणीत तीनच तोंडे आढळली, तर दोष संख्येत नसून टोपण जेथे थांबते त्या जागेत आहे असे समजावे. टोपणाची कड नळीच्या खांद्यावर (आट्यांमागील पायरीवर) टेकते तेव्हा ते थांबते. हा खांदा नेमका काटकोनात नसेल, त्यावर बर (कापताना उरलेली खरखरीत कड) राहिला असेल किंवा टोपण खांद्याऐवजी आतल्या बाजूला पकडीच्या भागावर टेकत असेल, तर ते दर वेळी थोडे वेगळ्या जागी थांबते. खांदा लेथवर एकाच बसवणीत, आट्यांबरोबरच फेस करून (सपाट कापून) घ्यावा.

आता जुळवणी. उत्तम पद्धत अशी की आटे, खांदा आणि टोपणाची कड ही कामे पूर्ण संपवून, टोपण नेहमी जेवढे आवळले जाईल तेवढेच आवळून, पैलू दोन्ही भागांवरून एकाच धावेत पाडावेत. असे केले की कडा जुळवायच्या उरतच नाहीत. त्या जन्मतःच एक असतात. पैलू वेगवेगळे पाडलेच असतील, तर खांद्याचे फेसिंग हा उपाय आहे. खांद्यावरून थोडा माल काढला की टोपण घड्याळाच्या काट्याच्या दिशेने अधिक फिरते. २.४ मिमी म्हणजे ३६० अंश, तर एक पैलू म्हणजे ०.२ मिमी. समजा टोपण जुळण्याच्या १० अंश आधी थांबते आहे. मग खांद्यावरून ०.०७ मिमीला किंचित कमी माल काढावा लागेल. कोणतीही चूक असली तरी ०.२ मिमीच्या आत ती सुटते, कारण पुढची कड तेवढ्याच अंतरावर उभी असते.

या हिशेबातून आणखी एक गोष्ट निघते आणि ती पुष्कळ अनुभवी टर्नरच्याही ध्यानात येत नाही. तीन स्टार्टमध्ये खांद्याच्या कामात एक शतांश मिमीचा फरक पडला तर कड दीड अंशाने, म्हणजे १५.५ मिमी व्यासावर ०.२ मिमीने सरकते. ते डोळ्याला जेमतेम दिसते. एका स्टार्टच्या आट्यांत तेवढ्याच चुकीने कड साडेचार अंशांनी, म्हणजे ०.६ मिमीने सरकते आणि ते लांबून दिसते. पैलूदार पेनाला अधिक स्टार्टचे आटे देणे हे म्हणूनच सोयीचेही आहे आणि चुका पचवणारेही.

आट्यांच्या घर्षणाने आणि खांद्याच्या झिजेने पेन वापरात आल्यावर टोपण अंशभर पुढे जाऊ लागते. त्याला मागे आणता येत नाही. पुढच्या कडेपर्यंत न्यावे लागते, म्हणजे ०.१९ मिमी फेसिंग. यासाठी टोपणाच्या आतील आटे आणि मोकळी जागा सुरुवातीलाच गरजेपेक्षा थोडी खोल ठेवावी.

तीन स्टार्टचे टॅप आणि डाय (आटे पाडण्याची तयार अवजारे) हार्डवेअरच्या दुकानात सहज मिळत नाहीत. ते मुद्दाम बनवून घ्यावे लागतात. लेथवर सिंगल पॉइंट टूलने हे आटे पाडायचे असतील, तर गिअर २.४ मिमीला लावून पहिला आटा पाडावा, मग अक्षाला समांतर बसवलेल्या वरच्या स्लाइडने टूल ०.८ मिमी पुढे सरकवून दुसरा आणि आणखी ०.८ मिमी सरकवून तिसरा. लेथमध्ये २.४ मिळत नसेल आणि २.२५ मिळत असेल, तर पिच ०.७५ धरावी. पुढचे सगळे गणित त्याप्रमाणे बदलेल, तत्त्व तेच राहील.

प्रश्न : मी आयटीआयमध्ये फिटरचे शिक्षण घेतले आणि हिंगणा एमआयडीसीत काम करतो. कारखान्यात मिलिंग मशीन आणि डिव्हायडिंग हेड (काम ठरावीक कोनात फिरवून धरणारे साधन) आहे, पण सुटीच्या दिवशी घरी फक्त लहान लेथ आणि कानशी आहेत. दोन्ही ठिकाणी पैलू कसे पाडावेत? (वाडी)

उत्तर : कारखान्यात काम सोपे आहे, परवानगी मात्र आधी घ्यावी. डिव्हायडिंग हेडचे गुणोत्तर ४० (हँडलच्या ४० फेऱ्यांत कामाचा एक फेरा) असेल, तर बारा पैलूंसाठी प्रत्येक वेळी हँडल तीन पूर्ण फेरे आणि वर १८ छिद्रांच्या वर्तुळात सहा छिद्रे फिरवावे लागते. दहा पैलूंना चार पूर्ण फेरे आणि आठांना पाच. हँडल नेहमी एकाच दिशेने फिरवावे, पुढे गेले तर बरेच मागे घेऊन पुन्हा पुढे यावे. नाहीतर गिअरमधील ढिलाई पैलूच्या रुंदीत उतरते. पैलू क्रमाने शेजारी शेजारी पाडू नयेत. पहिला पाडला की समोरचा सातवा पाडावा आणि मायक्रोमीटरने दोन सपाट पृष्ठांमधील अंतर मोजावे. १५.५ मिमीच्या पेनाला ते १४.९७ मिमी आले पाहिजे. मग चौथा आणि दहावा, आणि नंतर उरलेले. पेनाचे दुसरे टोक टेलस्टॉकने (टोकाला आधार देणाऱ्या भागाने) धरावे, कारण नळी आतून पोकळ असते आणि कटरच्या दाबाने वाकते. त्यासाठी आत नेमका बसणारा पितळी किंवा ॲल्युमिनियमचा मँड्रेल (आधाराचा दांडा) करून घेणे उत्तम.

घरी इंडेक्सिंगसाठी (काम सारख्या कोनात फिरवून थांबवण्यासाठी) महागडे काही लागत नाही. लेथच्या स्पिंडलच्या मागच्या टोकाला ६० दातांचा गिअर बसवून त्याच्या दातांत अडकणारी एक खुंटी करा; पाच दात म्हणजे एक पैलू. ४८ दातांचा गिअर असेल तर चार दात. हीच सोय आठ पैलूंना ४८ वर आणि दहांना ६० वर चालते.

उरला प्रश्न कानशीचा. मोकळ्या हाताने सपाट पैलू घासणारे कारागीर आहेत, पण नवख्याच्या हातून कानस हमखास डुलते आणि पैलू मध्यभागी फुगतो. घड्याळाची दुरुस्ती करणारे जुने कारागीर यासाठी लेथच्या स्लाइडवर दोन कडक रूळ बसवत : कानस त्या रुळांवर टेकवून पुढे-मागे चालवायची, आणि पैलू रुळांच्या पातळीला आला की ती आपोआप कापणे थांबवते. रुळांची उंची बदलली की पैलूची खोली बदलते. कडक केलेल्या पोलादाच्या दोन पिनांपासून असे रूळ आपल्यासारख्या फिटरला सहज बनवता येतील, आणि त्यांवर आलेले काम मिलिंगपेक्षा कमी प्रतीचे नसते. एबोनाइटसाठी कानस वेगळी ठेवावी, कारण लोखंडाचा कीस दातांत राहिला की तो काळ्या पृष्ठावर खोल ओरखडे काढतो. नाकावर मास्क हवाच.

निमुळत्या पेनासाठी एक सूचना. नळी १५ मिमीपासून १० मिमीपर्यंत ८० मिमी लांबीत निमुळती होत असेल, तर अक्ष सुमारे १.७ अंश तिरका करावा, म्हणजे खोली सर्वत्र प्रमाणात राहील आणि पैलूची रुंदी ३.९ मिमीवरून २.६ मिमीपर्यंत एकसारखी उतरत जाईल. तिरका न करता सरळ कापल्यास पैलू अर्ध्या वाटेवरच विरून जातो. दोन्ही टोकांकडे गोलाईने उतरणारे घाट मात्र यंत्रावर न करता हातानेच घासावेत, आणि तेही दोन-तीन साधे पेन झाल्यावर.

प्रश्न : पॉलिश केल्यावर पैलू दिसेनासे होतात. पेन चकाकतो, पण हातात घेतला की गोलच वाटतो. (महाल)

उत्तर : आपण बफिंगच्या चाकावर पॉलिश करत असणार. कापडी चाक कडेवर सर्वांत जास्त दाबते, आणि बारा पैलूंच्या पेनात दोन पैलूंमधील कोन १५० अंशांचा, म्हणजे मुळातच उथळ असतो. काढलेला माल अवघा पाव मिलिमीटर. तो चाकावर काही क्षणांत उडतो.

जाड काचेचा तुकडा टेबलावर ठेवून त्यावर पाण्याचा पॉलिश पेपर पसरावा आणि पेन त्यावर लांबीच्या दिशेने ओढावा. क्रम ४००, ६००, १०००, १५००, २००० असा ठेवावा. प्रत्येक पैलूला सारख्या संख्येने ओढी द्याव्यात आणि पैलूवर पांढऱ्या पेन्सिलीने आडव्या रेघा काढून त्या एकाच वेळी पुसल्या जातात का ते पाहावे. एका बाजूची रेघ उरली तर हात कलतो आहे. हे सर्व टोपण लावून करावे. वेगवेगळे घासल्यास प्रत्येक भागाचे टोक किंचित उतरते आणि जोडावर बोटाला खाच लागते. शेवटी मलमलीच्या कापडावर पॉलिशची क्रीम लावून हातानेच चमक आणावी. कडांवर २००० नंबरचा एकच हलका हात फिरवून धार मोडावी, त्याहून अधिक नको.

लाख किंवा पीयूचा (पॉलियुरेथेनचा) लेप द्यायचा असेल, तर पातळ लेप पृष्ठताणामुळे कडेवरून मागे सरतो आणि तेथे सर्वांत पातळ राहतो हे लक्षात ठेवावे. जपानमधील तामेनुरी या पद्धतीत लाल थरावर अर्धपारदर्शक गडद थर देतात आणि कडांवर आतला लाल रंग डोकावतो. तेथे उणीवच अलंकार झाली आहे. आपल्याकडील पीयूच्या लेपात मात्र तसे काही होत नाही, कडेवरून लेप उडतो एवढेच. मी एबोनाइटवर लेप देण्याच्या विरोधात आहे.

प्रश्न : काटोलजवळच्या आमच्या बागेतील जुनी संत्र्याची झाडे काढली आहेत. त्यांच्या लाकडाचा पैलूदार पेन होईल का? (काटोल)

उत्तर : होईल, आणि देखणा होईल. संत्र्याचे लाकूड पिवळसर, टणक आणि अतिशय बारीक पोताचे असते, त्यामुळे कडा स्वच्छ येतात. सागवानाच्या मोकळ्या छिद्रांमुळे कडा जशा खरबरीत होतात तशा येथे होत नाहीत. आपल्याकडील संत्र्याचे डोळे बहुधा जंबेरीच्या (एका लिंबूवर्गीय झाडाच्या) खुंटावर भरलेले असतात, म्हणून बुंध्याचा अगदी खालचा भाग संत्र्याचा नसून जंबेरीचा असू शकतो. संत्र्याचाच पेन हवा असेल तर कलमाच्या गाठीच्या वरचे लाकूड घ्यावे.

खरी अडचण वाळवण्याची आहे. ओली फांदी नागपूरच्या एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत तशीच ठेवली तर टोकांकडून वेगाने वाळते आणि गाभ्यापर्यंत भेगा पडतात. फांदी लगेच उभी चिरून गाभा वेगळा करावा, दोन्ही टोकांना मेण लावावे, आणि सावलीत, वारा खेळता पण कूलरच्या झोतापासून दूर ठेवावी. एक इंच जाडीला एक वर्ष असा सुतारांचा ठोकताळा आहे, तो पाळावा.

लाकडात आटे पाडू नयेत. टोपणाच्या आणि नळीच्या आत एबोनाइटची बाही इपॉक्सीने बसवून आटे आणि खांदा त्या बाहीतच ठेवावेत. यामुळे पावसाळ्यात लाकूड फुगले आणि उन्हाळ्यात आकसले तरी पैलूंची जुळवणी बाहीवर अवलंबून राहते. बाहीसाठी जागा सोडल्याने लाकडाची भिंत पातळ होते, म्हणून येथे बारापेक्षा कमी पैलूंचा विचारही करू नये. पकडीचा भाग शाईत बुडतो. तो लाकडाचा नकोच.

प्रश्न : एबोनाइट, ॲक्रिलिक आणि सेल्युलॉइड यांपैकी आपल्याकडच्या उन्हाळ्यात काय टिकेल? आणि माझा ड्रॉपरने भरण्याचा पेन मे महिन्यात शाई का ओकतो? (सीताबर्डी)

उत्तर : नवख्याने एबोनाइट घ्यावे. रबरात भरपूर गंधक घालून ते कडक केलेले असते, टूलखाली लोण्यासारखे कापले जाते, आटे भुसभुशीत होत नाहीत. त्याला ऊन मात्र सोसत नाही : काळा रंग महिनोन्‌महिने उन्हात राहिला की तपकिरी-हिरवट पडतो, आणि असा उतरलेला पेन पाण्यात भिजवला तर रंग आणखी बिघडतो. ॲक्रिलिक ऊन सोसते, परंतु कटर बोथट असेल तर पैलूच्या कडेला टवके उडतात. सेल्युलॉइड सर्वांत सुंदर आणि सर्वांत हट्टी. ते नायट्रोसेल्युलोज आणि कापूर यांपासून होते, त्याचा कीस चटकन पेट घेतो, आणि कापलेला माल पुढे कित्येक महिने आकसत राहतो. आज जुळलेले पैलू वर्षभराने जुळतीलच याची खात्री नाही. कोणताही माल घ्या, टोपण आणि नळी एकाच रॉडमधून कापा, म्हणजे उष्णतेने दोन्ही सारखेच वाढतील.

शाई ओकण्याचा पैलूंशी संबंध नाही. नळीतील हवेशी आहे. ड्रॉपरच्या पेनात समजा दीड मिलिलीटर हवा आहे आणि पेन कूलरच्या खोलीत २५ अंशांवर होता. हाताच्या उबेने ती हवा १० अंशांनी तापली तर सुमारे ०.०५ मिलिलीटर वाढते, म्हणजेच एक थेंब, आणि तेवढी शाई जिभेतून (निबखालच्या, शाई वाहून आणणाऱ्या भागातून) बाहेर ढकलली जाते. जाड भिंतीचे एबोनाइट उष्णता सावकाश आत जाऊ देते, पण थांबवत नाही. मे महिन्यात पेन पूर्ण भरलेला ठेवावा, शाई निम्म्यावर आली की पुन्हा भरावी, किंवा कन्व्हर्टर (नळीत बसणारी, शाई ओढून घेणारी छोटी टाकी) वापरावा. पकडीच्या आट्यांना सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात द्यावा.

प्रश्न : हाताने घडवलेल्या देशी पेनांचा विदर्भाशी काही जुना संबंध आहे का? (वर्धा)

उत्तर : आपल्याच गावाशी आहे. अखिल भारत ग्रामोद्योग संघाचे केंद्र वर्ध्याच्या मगनवाडीत होते. राजमहेंद्रीच्या के. व्ही. रत्नम यांनी स्वदेशी फाउंटन पेन घडवला आणि तो संघाच्या जे. सी. कुमारप्पांमार्फत गांधीजींकडे पोहोचला. आपण तो वापरून पाहिला आणि बाजारातील परदेशी पेनांना तो चांगला पर्याय वाटतो, असे गांधीजींनी रत्नम यांना वर्ध्याहून १६ जुलै १९३५ रोजी कळवले.

प्रश्न : निबजवळच्या पकडीच्या भागालाही पैलू द्यावेत का? आणि क्लिप पैलूवर बसवावी की कडेवर? (धरमपेठ)

उत्तर : पकडीचा भाग गोल ठेवावा. प्रत्येकाची बोटे निबच्या संदर्भात थोड्या वेगळ्या कोनात बसतात. तेथे पैलू दिला की निब कोणत्या कोनात धरायची हे पेन ठरवू लागतो आणि दुसऱ्याच्या हातात तो पेन टोचतो. पैलूंचा उपयोग टेबलावरून पेन घरंगळू नये यासाठी आहे, आणि ते काम नळी व टोपण करतात.

क्लिप पैलूच्या मधोमध बसवावी. कडेवर बसवलेली क्लिप डोलते आणि खिशात घालताना तिच्याखालची कड झिजते. टोपणाचा माथा वेगळा करून त्याखाली क्लिपची कडी अडकवण्याची पद्धत असेल, तर माथ्याचे आटे एका स्टार्टचे चालतील, कारण तो पुन्हा पुन्हा उघडायचा नसतो. माथा आणि कडी बसवून, जुळवून, आटे शेलॅकने (लाखेच्या चिकट द्रावाने) पक्के करावेत आणि मग क्लिप तात्पुरती काढता येत असेल तरच पैलू पाडायला घ्यावेत. तशी ती निघत नसेल, तर तेवढ्याच जाडीचे पितळी वॉशर कडीच्या जागी घालून पैलू पाडावेत, कडी शेवटी बसवावी आणि शेलॅकही तेव्हाच लावावे.